अभ्यासाला बसण्याआधी

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी पास झालेल्या कमला भागवत यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. मुख्य विषय रसायनशास्त्र. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही याच संस्थेत शिकलेले. बंगळुरूत जुनी माणसे अजूनही जिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात, ती ही संस्था. अर्ज नाकारला गेला. कारण एवढेच की अर्ज मुलीचा होता. संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळून त्यांना जेमतेम तीन वर्षे झाली होती. कमलाबाई मुंबईहून थेट बंगळुरूला गेल्या, नकाराचे कारण विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत हलणार नाही म्हणून सत्याग्रह मांडून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नाही. कामाचा दर्जा संचालकांना पटला तरच ते काम धरले जाईल. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतल्या मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये.

मराठी घरांत ही हकीकत सांगितली जाते ती जिद्दीची गोष्ट म्हणून. ‘बघ, तिने कसं करून दाखवलं! आणि तुला सगळं हातात मिळूनही…’ हे पुढचे वाक्य ठरलेले. पोर मान खाली घालून ऐकते. त्याच रात्री वेळापत्रक आखले जाते, रंगीत पेनांनी सजते, टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटते. आठवडा उलटायच्या आत त्याच्याकडे बघवेनासे होते. मग पोर स्वतःबद्दल एक निष्कर्ष काढते: आपल्यात जिद्द नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो निघतो याचे कारण गोष्ट अर्धीच सांगितली जाते. हे पुस्तक उरलेल्या अर्ध्या गोष्टीबद्दल आहे.

सत्याग्रहाने कमलाबाईंना दारातून आत नेले. आत गेल्यावर समोर होते एक आख्खे वर्ष, आणि रागाच्या जोरावर वर्षभर ब्युरेट भरता येत नाही. त्या वर्षात त्यांच्याकडे काय होते ते पाहिले पाहिजे. एम. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक होते: शिस्तीला कडक, पण होतकरू विद्यार्थ्याला शिकवायची मनापासून हौस असलेले. विषय होता दूध, डाळी आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांचा, म्हणजे या देशातल्या बहुसंख्य लोकांच्या ताटाचा. आणि काम असे होते की संध्याकाळी वहीत काहीतरी आकडा पडायचाच, बरोबर किंवा चूक. वर्ष संपले, रामन यांचे समाधान झाले, कमलाबाईंना नियमित प्रवेश मिळाला आणि मुलींना घेण्याबाबत संचालकांनी आपले मतही बदलले. १९३६ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असते हे त्यांनी दाखवले. अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी शिकवले, नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले आणि त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. मराठी वाचकाला त्यांची आणखी एक ओळख जवळची वाटेल: दुर्गाबाई भागवत त्यांच्या थोरल्या बहीण.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. अपमानामुळे माणूस घडतो, असा अर्थ कोणी यातून काढू नये. रामन थोर शास्त्रज्ञ असले तरी मनाने संकुचित होते आणि तो अपमान आपण कधी विसरू शकलो नाही, असे कमलाबाईंनी उतारवयातही जाहीरपणे सांगितले. त्या घडल्या त्या अटींमुळे नव्हे, अटी असूनही. शिवाय त्यांच्या घरात दोन पिढ्यांत रसायनशास्त्र होते, हेही विसरून चालणार नाही. ज्या मुलाच्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्याला ‘तिच्यासारखी जिद्द धर’ म्हणणे हा अर्धवट सल्ला झाला. त्याला जिद्दीपेक्षा आधी हवे असते ते त्या घरातले बाकीचे सामान: कोणीतरी विचारणारे, कोणीतरी समजावणारे, आणि बसायला एक जागा.

या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे. उत्साह आला की अभ्यास करू, असे म्हणून बसणाऱ्याचा उत्साह सहसा येत नाही. तो अभ्यासाच्या पोटातून येतो. काल न कळलेले आज कळले, हे स्वतःला दिसले की उद्या बसावेसे वाटते. दिसले नाही तर भिंतीवरचे कोणतेही सुभाषित कामाला येत नाही. म्हणून ‘मन लागत नाही’ या तक्रारीवरचा उपाय बहुतेक वेळा मनात शोधायचा नसतो, पद्धतीत शोधायचा असतो.

हे पोकळ वाटू नये म्हणून कमलाबाईंच्याच विषयातले एक उदाहरण जवळून पाहू. डाळीत प्रथिन किती, हे मोजण्याची रूढ पद्धत जेल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये दिली. डाळीचे पीठ तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचे. त्यातल्या नायट्रोजनचे अमोनियम सल्फेट होते. मग अल्कली घालून अमोनिया मोकळा करायचा, ऊर्ध्वपातनाने आम्लात पकडायचा आणि टायट्रेशन करून मोजायचा. त्यावरून नायट्रोजन किती ते कळते, आणि नायट्रोजनला ६.२५ ने गुणले की प्रथिन. पुस्तकात हे एका परिच्छेदात येते. बहुतेक विद्यार्थी ६.२५ वर पिवळा हायलायटर फिरवतात आणि पान उलटतात. परीक्षेत तो आकडा कधी ६.५२ होतो, कधी ५.२६.

आता दुसरी विद्यार्थिनी घ्या. ती पुस्तक मिटते आणि विचारते: हा आकडा आला कुठून? प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. शंभराला सोळाने भागले की ६.२५. झाले, आता तो आकडा तिला पाठ करावा लागणार नाही, विसरली तर दहा सेकंदांत पुन्हा काढता येईल. मग पुढचा प्रश्न: डाळीतला सगळा नायट्रोजन प्रथिनातलाच असतो कशावरून? नसतोच. मोकळी अमिनो आम्ले आणि इतर संयुगे यांतही तो असतो. समजा १०० ग्रॅम डाळीत ३.५ ग्रॅम नायट्रोजन निघाला. सरळ गुणाकार केला तर प्रथिन जवळजवळ २२ ग्रॅम. पण त्यातला ०.३ ग्रॅम प्रथिनाबाहेरचा असेल तर खरे प्रथिन २० ग्रॅमच. हिशेब फुगलेला होता. आणि तिसरा प्रश्न आपोआप येतो: म्हणजे कोणी मुद्दाम नायट्रोजनवाले काहीतरी मिसळले तर ही चाचणी फसेल? फसते. चीनमध्ये २००८ साली दुधाच्या भुकटीत मेलामाइन मिसळल्याचे प्रकरण जगभर गाजले ते यामुळेच. मेलामाइनच्या वजनातला दोनतृतीयांश भाग नायट्रोजन असतो; पाणी घातलेले दूध कागदावर प्रथिनयुक्त दिसले आणि लहान मुले मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडली.

तीन प्रश्न झाले. वेळ गेला पंधरा-वीस मिनिटे. या मुलीला ‘मोटिव्हेशन’चे व्हिडिओ बघायची गरज नाही, चौथा प्रश्न तिला आधीच पडलेला आहे. पहिल्या विद्यार्थ्याने तेवढ्याच वेळात चार पाने रंगवली, आणि त्याला कंटाळा आला. हा कंटाळा आळसाचा नाही. ज्या कामात डोक्याला काही करायलाच नाही, त्या कामाचा डोक्याला कंटाळा येतो, एवढेच.

परीक्षेपुरते बोलायचे तरी हीच गोष्ट खरी ठरते, आणि त्याला आता चांगला पुरावा आहे. विसरण्याचा पद्धतशीर अभ्यास हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून किती वेळाने किती विसरतो ते त्याने मोजले. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते, नंतर मंदावते. त्यानंतरच्या शतकभरात अनेकांनी हा धागा पुढे नेला. त्यातला हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ मधला अमेरिकेतला प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावा असा आहे. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार फेऱ्यांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच फेरीत वाचला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत, उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत अशी की आपल्याला जास्त लक्षात राहील असे वाचणाऱ्या गटालाच अधिक वाटत होते.

इथे बऱ्याच प्रामाणिक मुलांची फसगत होते. पाचव्यांदा वाचलेले पान ओळखीचे वाटते आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे, असा समज होतो. परीक्षेच्या हॉलमध्ये ओळखायचे नसते, आठवायचे असते. ‘सगळं येत होतं हो, पेपर बघितला आणि सगळं विसरलो’ असे म्हणणारा मुलगा खोटे बोलत नसतो. त्याने फक्त आठवण्याचा सराव कधी केलेलाच नसतो. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा रूढ पद्धतींवरचे संशोधन एकत्र तपासले. सर्वांत उपयोगी म्हणून त्यांनी दोनच निवडल्या: स्वतःची परीक्षा घेत राहणे आणि अभ्यास दिवसांत विभागून करणे. अधोरेखन आणि पुनर्वाचन, म्हणजे आपल्याकडे अभ्यास म्हणून जे सर्रास चालते ते, यादीत खाली गेले.

या पद्धती साध्या आहेत, तरी त्या अंगवळणी पडत नाहीत, कारण त्या करताना वाईट वाटते. कोरा कागद समोर घेतला की निम्मे आठवत नाही. एकाच प्रकारची वीस गणिते ओळीने सोडवली तर विसावे झरझर सुटते आणि बरे वाटते. पण वेगवेगळ्या प्रकारची मिसळून घेतली की प्रत्येक वेळी आधी ‘हे कोणत्या पद्धतीने सोडवायचे’ याच्यावर अडते. परीक्षेत मात्र हीच अडचण येते: प्रश्नावर धड्याचे नाव छापलेले नसते. म्हणून अभ्यास करताना थोडे अडखळायला झाले तर तो चांगल्या अभ्यासाचा गुण समजावा. पुस्तकातली पहिली चार प्रकरणे याच सरावाची आहेत, आणि प्रत्येक विषयाला तो कसा लावायचा हे तिथे उदाहरणांनी दिले आहे.

आता बंगळुरूबद्दल. हे पुस्तक इथल्या मराठी विद्यार्थ्यांच्या निमित्ताने लिहिले गेले. या शहरात शिकायला येणे आणि इथून शिकायला जाणे, दोन्ही जुने आहे. विश्वेश्वरय्या वडील गेल्यावर शिकवण्या करत इथल्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ मध्ये बी.ए. झाले आणि म्हैसूर संस्थानच्या मदतीने इंजिनियरिंगसाठी पुण्याला गेले. १८८३ मध्ये परीक्षेत पहिले येऊन मुंबई सरकारच्या नोकरीत लागले. कमला भागवत उलट दिशेने आल्या. गरीब मुलाने आठवड्याच्या वारांना वेगवेगळ्या घरी जेवायचे आणि शिकायचे, ही वारान्नाची सोय पुण्याला होती तशीच म्हैसूर-बंगळुरूलाही होती. तिच्यात जातीपातीच्या भिंती होत्या, हे खरे. पण शिकणाऱ्याला समाजाने धरून ठेवायचे असते, ही समज तिच्या मुळाशी होती.

एच. नरसिंहय्या यांचे उदाहरण या शहरात घरोघरी माहीत आहे, मराठी वाचकाला फारसे नसेल. १९२० साली गौरीबिदनूरजवळच्या होसूर या खेड्यात गरीब घरात जन्म. रेल्वेचे भाडे परवडत नाही म्हणून हा मुलगा पुढच्या शिक्षणासाठी गावाहून बंगळुरूपर्यंत चालत आला आणि बसवनगुडीच्या नॅशनल हायस्कूलमध्ये दाखल झाला. पुढे ते भौतिकशास्त्र शिकवू लागले, अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट घेऊन परतले, नॅशनल कॉलेजचे प्राचार्य झाले, १९७२ ते १९७७ बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. एवढे सगळे झाले तरी राहायला ते कॉलेजच्या वसतिगृहातल्या खोलीतच राहिले, २००५ मध्ये निधन होईपर्यंत. १९६२ मध्ये त्यांनी बंगळूर सायन्स फोरम सुरू केला; सामान्य माणसासाठी विज्ञानाची व्याख्याने हे त्याचे काम. चालत येणे ही गोष्ट भाषणात सांगायला सोपी आहे. मला जास्त मोलाची वाटते ती वसतिगृहातली खोली. शिकणाऱ्या मुलांच्या शेजारी शिकलेला माणूस राहतो, रात्री त्याच्या दाराशी प्रश्न घेऊन जाता येते, ही गोष्ट एकेका मुलाच्या आयुष्यात काय करते, याचा हिशेब मांडता येत नाही.

आजच्या बंगळुरूत मुलांच्या वाट्याला बहुधा येते ती पीजीतली तिघांची खोली. विजयनगर, मल्लेश्वरम, बीटीएम, जागा कोणतीही असो. सकाळी नाश्त्याची घाई, कॉलेज किंवा कोचिंग, जाण्यायेण्यात जीव नकोसा करणारी वाहतूक, रात्री एकाच्या कानाला फोन, दुसऱ्याचा लॅपटॉप चालू. इथे ‘एकाग्र हो’ म्हणण्यात अर्थ नाही. जागा बदलणे सोपे पडते. कॉलेजची अभ्यासिका, भागातले सार्वजनिक वाचनालय, कब्बन पार्कातल्या लाल इमारतीतले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय: ठरलेल्या वेळी ठरलेल्या खुर्चीवर बसले की निम्मी लढाई मनाशी लढावीच लागत नाही. त्यात एखादा जोडीदार असेल तर उत्तम. जोडीदार निवडताना हुशारी बघू नका, वेळेवर येतो का ते बघा.

फोनचे प्रकरण वेगळे आहे आणि पुस्तकात त्याला स्वतंत्र जागा दिली आहे. याच शहरातल्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ नावाचे क्लिनिक सुरू केले, तेव्हा अनेकांना हे अतिशयोक्तीचे वाटले होते. आज पालकांना वाटत नाही. फोन बाजूला ठेवण्याचा निर्धार रोज नव्याने करण्यापेक्षा तो दुसऱ्या खोलीत, मित्राकडे किंवा घरमालकिणीकडे देऊन टाकणे जास्त टिकते. पण एक फरक ओळखायला हवा. अभ्यास नको वाटणे ही एक गोष्ट. जेवण, झोप, मित्र, आवडीचे गाणे, सगळेच आठवडेच्या आठवडे नको वाटणे ही अगदी वेगळी. दुसऱ्या परिस्थितीत अभ्यासाचे कोणतेही पुस्तक, हेही, पुरे पडणार नाही. घरी सांगा, डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा; तो कधीही लावता येतो.

बेळगाव-खानापूर-निपाणीकडून, किंवा सोलापूर-कोल्हापूरकडून मराठी शाळेत दहावी करून येणाऱ्या मुलांची अडचण आणखी एक. वर्गात इंग्रजी, रस्त्यावर कन्नड, डोक्यात मराठी. पहिल्या सहामाहीत हुशार मूलही गप्प होते आणि गप्प राहिले की आपण ढ आहोत असे त्याला वाटू लागते. त्याला कळत नाही असे नसते. कळलेले बोलता येत नाही. यावरचा उपाय सोपा आहे आणि हमखास उपयोगी पडतो: कोणताही भाग आधी मराठीत मोठ्याने समजावून सांगा, स्वतःला किंवा फोनवरून धाकट्या भावाला. जिथे अडाल तिथे तुम्हाला कळलेले नाही, मग पुस्तक उघडा. मराठीत नीट सांगता आले की तेच उत्तर इंग्रजीत लिहा, लहान लहान वाक्यांत. आणि कन्नड शिका, परीक्षेसाठी नव्हे; मेसमधल्या अक्कांशी, बसमधल्या माणसाशी, वर्गातल्या मुलांशी दोन वाक्ये बोलता आली की शहर परके वाटत नाही. परके वाटणाऱ्या जागी कोणाचाच अभ्यास होत नाही.

पालकांसाठीही दोन शब्द. ‘नव्वद टक्के पाड, मग बाइक’ हा सौदा आपल्याकडे घराघरांत होतो. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये एक प्रयोग केला. ठोकळ्यांचे कोडे सोडवायला काही विद्यार्थ्यांना पैसे दिले, काहींना नाही. नंतर मोकळ्या वेळात ज्यांना पैसे मिळाले होते त्यांनी कोड्याला हात कमी लावला. जे काम मजेचे होते ते मोबदल्याचे झाले. मोबदला थांबला, मजाही आटली. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडले की माणूस आपणहून काम करत राहतो ते तीन गोष्टी मिळाल्या तर: काही निवड आपल्या हातात असणे, आपल्याला जमते आहे हे जाणवणे, आणि कोणीतरी आपले असणे. तेव्हा मुलाला ‘किती मार्क पडले’ हे विचाराच. पण त्याआधी एकदा ‘आज काय नवीन कळलं, मला सांग’ असे विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका. मधेच शेजारच्या मुलाचे नाव काढू नका.

शेवटी निकालाबद्दल. सगळे नीट करूनही निकाल हातात राहत नाही, हे अभ्यासाच्या पुस्तकाने लपवू नये. अ‍ॅना मणी १९४० मध्ये शिष्यवृत्ती घेऊन याच भारतीय विज्ञान संस्थेत आल्या. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणके यांच्या प्रकाशगुणांचा अभ्यास केला. छायाचित्रणाच्या काचेवर पंधरा-वीस तास प्रकाश घ्यावा लागे, म्हणून रात्ररात्र प्रयोगशाळेत जात असे. १९४२ ते १९४५ या काळात पाच शोधनिबंध झाले, प्रबंध लिहून झाला. मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही, कारण त्यांच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नव्हती. तो प्रबंध रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आजही आहे. अ‍ॅना मणी इंग्लंडला जाऊन हवामानाची उपकरणे शिकल्या, १९४८ मध्ये पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या आणि परदेशातून आणावी लागणारी उपकरणे इथेच बनवण्याचे काम त्यांनी उभे केले. जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे त्यांच्या देखरेखीखाली प्रमाणित झाले. उपमहासंचालक म्हणून १९७६ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पदवीच्या कागदावर त्यांनी आपले शिकणे टांगलेले नव्हते, म्हणून कागद आला नाही तरी शिकणे खाली पडले नाही. प्रत्येकाला हे इतके जमेल असे नाही. पण कर्नाटकात आता दुसऱ्या पीयूसीला, म्हणजे बारावीला, वर्षात एकाहून अधिक परीक्षांची सोय आहे. एका निकालाने आयुष्य ठरते, हा समज निदान नियमांनी तरी सोडून दिला आहे. घरानेही सोडावा.

हे पुस्तक सलग वाचायचे नाही. आठवड्याला एक प्रकरण घ्या, त्यातली एकच गोष्ट तुमच्या एकाच विषयावर वापरून बघा, आणि उपयोग झाला नाही तर बिनदिक्कत सोडून द्या. सगळ्या युक्त्या एकदम अंगीकारणाऱ्याचे तेच होते जे भिंतीवरच्या रंगीत वेळापत्रकाचे होते.

आता एक काम. पहिले प्रकरण लगेच उघडू नका. पुस्तक पालथे ठेवा, कोरा कागद घ्या आणि या प्रस्तावनेतले आठवेल ते लिहा: ६.२५ कुठून येतो, पुन्हा पुन्हा वाचणारा गट आठवड्याने मागे का पडला, अ‍ॅना मणी यांची पदवी कशावर अडली. जे आठवले नाही त्याच्यापुढे फुली मारा आणि तेवढेच पुन्हा वाचा. दोन दिवसांनी नव्या कागदावर पुन्हा लिहा. फुल्या कमी झालेल्या दिसतील. त्या मोजा, आणि मग पहिले प्रकरण सुरू करा.